मुके दाणे

३ जुलै २०२५, गुरुवार

पावडर निघाली! चार किलो फोलपटांतून तीनशे दहा ग्रॅम. रंग कातासारखा. जिभेच्या टोकाला लावून पाहिली — हिरडा चघळल्यासारखं तोंड तासभर आवळून आलं. प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही असा नियम आहे. फळ्यावर तो मीच लिहिलाय.

आमच्या विभागप्रमुख सविता मॅडम म्हणाल्या, "सुषमा, हा प्रकल्प आता तुझा. पण तुझ्या आईला कळेल अशा भाषेत सांगता आला, तरच तुला कळलाय असं मी धरेन." म्हणून इथे सराव करते.

भाजलेल्या शेंगदाण्यावर लाल पातळ साल असते, ते फोलपट. चिक्की करताना ते चोळून काढतात आणि टाकून देतात. लोणावळ्यात रोज पोतीच्या पोती. या सालीत असं काही असतं की त्याने तेलकट पदार्थ लवकर खवट होत नाहीत. आपण ते अल्कोहोलने ओढून काढायचं, मग अल्कोहोल उडवून द्यायचं, खाली उरते ती ही पावडर. चिमूटभर चिक्कीत घातली की चिक्की चार महिने टिकते. बाटलीतलं रसायन घालायला नको. संपलं.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला ऐकवलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "येवढाल्या पोत्यातनं येवढुशी राख?"

राख नाही गं, पावडर.

"आसंल. आमी तर चुलीत घालत व्हतो."

सव्वीस वर्षं झाली तिला त्या चिक्कीच्या कारखान्यात. फोलपटंही तिथलीच. म्हणजे तिने टाकलेलं मी तळेगावच्या प्रयोगशाळेत नेते आणि त्याचा पगार घेते. हे तिला सांगितलं तर हसली. खूश होती, पण कबूल करणार नाही.

५ जुलै, शनिवार

सुट्टी. आईबरोबर कारखान्यात गेले. बाजारामागचं लांबट पत्र्याचं दालन, एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला सहा बायका आणि सहा सुपं. गुळाच्या पाकाचा वास कपड्यांना अजून येतोय.

फोलपटं कशी निघतात ते लिहून ठेवायचं होतं. भाजलेले दाणे गार झाले की थोडे थोडे सुपात घेतात आणि हलवतात. मला वाटायचं पाखडतात. तर नाही — ऐकतात! चांगला दाणा सुपावर वाजतो. आतून बुरसलेला वाजत नाही. त्याला या बायका 'मुका' म्हणतात. मुके वेचून कडेच्या डब्यात. राहिलेले गोणपाटावर चोळायचे, मग पाखडायचे, तेव्हा कुठे फोलपटं उडतात.

रतनबाई मला बघितलं की चेकाळतात. "सुषमे, तुज्या आयेनं सकाळधरनं दोन-तीनशे मुकं घेतल्यात बघ!" सगळ्या खिदळल्या. आईने मान वर न करता म्हटलं, "घेतल्यात. तुज्यागत वाटत न्हाई फिरले."

मीही सूप घेऊन बसले. तीस मुक्यांतले अकरा सापडले, तेही डोळे गच्च मिटून. आई म्हणाली, "डोळं मिटून काय व्हतंय? कान उघड." ती मात्र रतनबाईंशी बोलता बोलता वेचत होती. हात आपोआप जातो. कसं कळतं विचारलं तर म्हणाली, "त्यो गप ऱ्हातो, मंग कळतंच की."

मालक भेटला. संदेश, इंदुरीचा. कारखाना त्याच्या वडिलांनी काढला, ते गेल्यापासून हा बघतो. समोर मी त्याला संदेशशेठ म्हणते, या पानावर संदेशच. आमच्या पावडरीची चिक्की त्याला गणपतीला दुकानात हवी आहे. खोक्याचं चित्रसुद्धा काढून झालंय — हिरवं पान. शेंगदाण्याच्या चिक्कीवर हिरवं पान कशाला, देव जाणे.

८ जुलै, मंगळवार

पाच दिवस नुसतं धुकं. कपाटातल्या चपलांवर बुरशी आली. पावडरीचे डबे पुन्हा सीलबंद केले.

१२ जुलै, शनिवार

दुसरी बॅचही छान. चाचणीत स्वच्छ. आता आठवड्याला दहा किलो फोलपटं लागणार आणि या एका कारखान्यातून मिळतात जेमतेम सात. म्हणून आज कारखान्यात सुपांच्या मधोमध उभी राहून चक्क भाषण केलं. मावश्यांनो, इथून पुढे काही म्हणून टाकायचं नाही. तुम्ही ज्याला कचरा म्हणता तो कचरा नाही. सगळं पोत्यात!

रतनबाई म्हणाल्या, "आमाला बी घाल की मग पोत्यात."

आईने विचारलं, "समदं?"

मी म्हटलं, समदं.

तिने परत विचारलं, "समदंच ना?" मला जरा हसूच आलं. किती वेळा सांगायचं!

१६ जुलै, बुधवार

ऑफिसात वार्षिक तपासणी. रक्त घेतलं आणि एक फॉर्म दिला. 'वडील: हयात / मृत. मृत असल्यास कारण.' लिहिलं — यकृताचा आजार. पुढचा रकाना: 'व्यसन.' पेन तिथे थोडा वेळ थांबलं. मग लिहिलं — दारू.

बाबद्दल इथे कधी लिहिलेलं नाही. आज लिहिते आणि मोकळी होते.

बाचं नाव नवशा. लोहगडवाडीला गडावर येणाऱ्यांसाठी टपऱ्या आहेत, त्यांना पाणी, लाकडं, सिलिंडर वाहून द्यायचा. खांद्यावर सिलिंडर असला तरी वाटेत कोणी भेटलं की उभा राहून गप्पा मारायचा. मी आठवीत असताना त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कधीपासून पिता?"

बा म्हणाला, "म्या घेत न्हाई सायेब."

डॉक्टर हसले. मी शेजारीच उभी होते, ते हसू मी बघितलं. वाडीत परत आलो तर तिथेही तेच — लिव्हर गेली म्हणजे दुसरं काय असणार! शाळेत एकीने मला तोंडावर विचारलं. मी वर्गात विज्ञानात पहिली होते. डॉक्टर शिकलेले, बाला सही येत नव्हती. मी डॉक्टरांचं खरं धरलं.

शेवटचे दोन महिने मी त्याच्याशी बोलले नाही. तो अंथरुणातून हाक मारायचा, "सुषे, काय वाचतीस?" मी पुस्तकातून डोकं काढायचे नाही. एकदा म्हणाला, "तुला बी खोटं वाटतंय व्हय?" तेव्हाही मी गप्पच.

आई या बाबतीत कोणाशी भांडली नाही. एवढंच म्हणायची, "म्या तर कदी पेल्याला बघितला न्हाई." मला वाटायचं, लपून पीत असेल आणि ही भोळी. अजूनही तसंच वाटतं. अठरा वर्षं झाली, पण राग जात नाही. मेलेल्या माणसावर रागावणं सोपं असतं, तो पुन्हा काही विचारत नाही.

लिहून मोकळं वगैरे काही वाटलं नाही.

२२ जुलै, मंगळवार

तिसरी बॅच. गणपतीच्या चिक्कीत जायची ती हीच. पाठवण्याआधी नेहमीची चाचणी लावली, चहाला गेले, परत आले तर पडद्यावर जिथे सरळ रेघ पाहिजे तिथे सुळका. अफ्लाटॉक्सिन.

नमुन्यात काही मिसळलं असेल, बाटली नीट धुतली नसेल. पुन्हा लावला. सुळका तिथेच.

२३ जुलै, बुधवार

तीनदा केलं. मर्यादेच्या पाचपट. शंका नाही.

ओलीत शेंगदाण्यावर एक बुरशी वाढते, तिचं हे विष. जिभेला त्याची चव कळत नाही. भाजल्याने पुरतं जात नाही. एका दिवसात काही होत नाही, पण थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताला धरतं. आम्ही सालीतलं चांगलं ओढून घट्ट करत होतो, त्याबरोबर हेही घट्ट झालं. अल्कोहोलला चांगलं-वाईट कळत नाही.

सविता मॅडमनी बॅच कपाटात घालून कुलूप लावलं. बाहेर काहीच गेलेलं नाही, एवढं तरी बरं. म्हणाल्या, "पहिल्या दोन स्वच्छ होत्या. तिसरीत नवीन काय झालं ते शोध."

संदेशला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नवीन काय असणार? बायकांचं लक्ष नसतं. हातांपेक्षा तोंडं जास्त चालतात. निवडायच्या मशीनचं माझं बघून झालंय. कॅमेऱ्याने दाणा बघतं, खराब असेल तर हवेने उडवतं. तुमच्या रिपोर्टमध्ये निवडीचा दोष असं आलं की मी मशीन घेऊन टाकतो. त्या सहा जणींना गणपतीपर्यंत ठेवेन."

त्या सहांत माझी आई आहे हे तो विसरला नव्हता. शेवटी म्हणालाच, "सावित्राबाईंचं मला वाईट वाटतं. पण त्यांचं वयही झालं ना आता."

२४ जुलै, गुरुवार

आज दिव्याची अवस. घरी आले तर आई समया घासून, पुसून मांडत होती. मी सरळ विचारलं. आई, मुके वेचताना हल्ली चुकतंय का तुझं?

तिने हातातली समई खाली ठेवली. मग म्हणाली, "म्या चुकंन?"

मग फोलपटांत खराब माल कसा आला?

"खराब? त्यात मुक्यांची फोलपटं हायेत की. आदी मुकं तसंच वायलं काडून टाकत व्हतो, सालीसकट. तू म्हनलीस समदं पायजे. मग मुकं बी चोळलं, त्येंची फोलपटं तुज्या पोत्यात घातली. दाणं तेवढं वायलं ठिवलं." समईत वात घालत म्हणाली, "दोनदा इचारलं व्हतं तुला."

हो. दोनदा विचारलं होतं.

तिने दिवे लावले, मी पाया पडले.

२५ जुलै, शुक्रवार

चूक माझी आहे. अजून कोणाला सांगितलेली नाही.

२६ जुलै, शनिवार

रिपोर्टचा मसुदा लिहायला बसले. पहिलंच वाक्य असं उतरलं: 'कच्च्या मालाच्या निवडीत त्रुटी आढळली.'

चारदा वाचलं. वाक्य खोटं नाही. कुठल्याही तपासणीत टिकेल. यातून माझं नाव सुटतं आणि सहा बायका अडकतात, आणि तरीही शब्द सगळे खरे! मला माझीच भीती वाटली.

हिशोब माहीत आहे. सांगितलं तर प्रकल्प हातातून जाणार. पुढच्या वर्षी पीएच.डी.ला याच कामावर नाव घालायचं होतं, तेही लांबणार. वाडीतून इथवर यायला मला जेवढी वर्षं लागली, तेवढी मॅडमच्या लेकीला लागली नसती. हे काही त्यांचं पाप नाही, पण मनात आलं ते आलं.

नाही सांगितलं तर कोणाला कळणार? आई सांगणार नाही. उलट मशीन आल्यावर म्हणेल, बरं झालं, गुडघे दुखत होते.

तिकडे ती भाकऱ्या थापतेय. हाताखाली भाकरी फिरतेय त्याचा आवाज इथे येतोय. त्या आवाजात बसून मी ते वाक्य खोडलं.

२८ जुलै, सोमवार

सांगितलं. 'सगळं द्या' हे मी म्हणाले, मुक्यांबद्दल मला माहीत होतं, तरी वेगळं सांगायचं सुचलं नाही, आणि आईने दोनदा विचारलं तेव्हा मी हसले.

मॅडम म्हणाल्या, "लेखी दे. आता हा प्रकल्प मी बघेन. तू परत चाचणीच्या टेबलावर." दारापर्यंत पोचले तेव्हा म्हणाल्या, "सुषमा, मुका दाणा म्हणजे काय? ते मला नीट सांग. बस."

अर्धा तास सांगत होते. त्यांनी वहीत लिहून घेतलं. बाहेर येऊन जिन्यात रडले. सुटका म्हणून की राग म्हणून, मलाच कळलं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

कारखान्यात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. रतनबाईंना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

संदेश म्हणाला, "म्हणजे माझा गणपती बुडाला तुमच्यामुळे." बुडालाच. नाही कसं म्हणू? पण लगेच पुढे म्हणाला, "आणि तरी मशीन घेतलेलं बरंच. माणसाचा भरवसा काय?"

तेव्हा मॅडमनी सांगितलेलं त्याला सांगितलं. एकाच पोत्यातले दोन किलो दाणे आई निवडेल. तिचे चांगले एका पिशवीत, मुके दुसऱ्या. दोन्ही तळेगावला तपासू. मग मशीनचं ठरवा.

दहावीच्या पेपरला मी जशी बसले होते तशी आई बसली, पदर खोचून, ओठ आवळून. एकदा हात थांबला. एक दाणा उचलला, परत टाकला, सूप हलवलं, ऐकलं, आणि मुक्यांच्या डब्यात टाकला. भट्टीवाल्याने आपणहून पंखा बंद केला, तिला ऐकू यावं म्हणून.

७ ऑगस्ट, गुरुवार

निकाल! आईच्या चांगल्या पिशवीत — काहीही सापडलं नाही. रेघ सपाट. मुक्यांच्या पिशवीतला सुळका एवढा उंच की पडद्यावर मावेना, नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागला.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "आपली मशीन दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावी लागते. तुझ्या आईचा कान कोण तपासतं गं?"

संदेशने कागद दोनदा बघितले. मशीन तूर्त नाही. 'तूर्त' हा शब्द त्याने मुद्दाम वापरला. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्येवढ्यासाटी येवढी यंत्रं लावली? मला इचारायचं." आणि मग उगाच उठून आधीच भरलेली कळशी पुन्हा भरायला गेली.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा, बाजारात गर्दी. मॅडमच्या सांगण्यावरून कारखान्यात पाटी लावायला गेले. लाल अक्षरं, माझ्याच हातची: 'मुके दाणे सालीसकट वेगळे काढावेत. खाऊ नयेत. घरी नेऊ नयेत. जनावरांना घालू नयेत.'

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचली. 'घरी नेऊ नयेत' वर रतनबाई म्हणाल्या, "आता सांगतीयास व्हय? थोरल्या शेठच्या वक्ताला आमी डबं भरून न्यायचो. तेच द्यायचे खुशीनं. टाकन्यापरास पोरं खातील म्हनून."

मी आईकडे बघितलं. ती गोणपाट झटकत होती.

तूही न्यायचीस?

"समद्याच न्यायच्या. चटनी व्हायची. धाकला शेठ आल्यापासनं बंद झालं, त्यो म्हनला टाका."

पाटीचा वरचा खिळा वाकला. दुसरा मारला.

११ ऑगस्ट, सोमवार

दोन दिवस दुसरं काही सुचत नाहीये. आई दाणे आणायची तो डबा मला आठवतोय. डालड्याचा, झाकणाला पोचा. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, हाच माझा शाळेतला डबा. कडू कधी लागली नाही. उलट चांगलीच लागायची, मैत्रिणी मागून खायच्या.

आईला विचारलं, तू किती खाल्लेस गं?

"म्या? दिसभर त्योच वास नाकात. वकारी यायची. म्या न्हाई खाल्लं कदी."

म्हणजे खाल्ले ते मी. जुलैतल्या तपासणीचे कागद काढून पाहिले. यकृत उत्तम, एकही आकडा इकडेतिकडे नाही. आईचंही रक्त तपासून घेतलं, तीही ठणठणीत. मग बहुतेक तेव्हा मुक्यांत फारसं काही नसेल. माल चांगला येत असेल, पाऊस कमी असेल. घरात खाणारी मी, आणि मी धडधाकट आहे, म्हणजे झालंच की. बाचं धरत नाही. त्याचं कारण वेगळं होतं.

रतनबाईंना आणि बाकीच्या चौघींनाही तपासणीला पाठवायचं मॅडमनी मान्य केलंय.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. दुकानात जुनीच चिक्की, जुनंच खोकं. मॅडमनी चौथी बॅच लावली, मुके वगळून. स्वच्छ. नाव त्यांचं, सुपं आईची, चाचणी माझी. मला चालतंय. निदान आज तरी.

१५ सप्टेंबर, सोमवार

चौघींचे रिपोर्ट आले, बरे आहेत. रतनबाईंचे दोन आकडे वाढलेत. पुढच्या तपासण्यांना मी बरोबर जाणार. त्या म्हणाल्या, "म्या कदी थेंब घेतला न्हाई गं, लिहून ठिव तितं. न्हाईतर म्हनतील म्हातारी पीत व्हती."

हसल्या. मीही हसले. मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

बाची तिथी आम्हाला ठाऊक नाही, म्हणून आजच पान वाढतो. दर वर्षी आई कारखान्यातून मूठभर दाणे मागून आणायची आणि पानावर त्यांची चटणी ठेवायची. ते मुकेच, हे आता कळतंय. बाला तीच आवडायची असं मी धरून चालले होते. आज चटणी चांगल्या दाण्यांची होती.

आई म्हणाली, "तू पाटी लावलीस नव्हं. म्हटलं, ह्या खेपंला त्येला चांगली घालावी. आवडत कुटं व्हती त्येला ती? डबा पुडं घिऊन बसायचा, त्यातलं बरं बरं दाणं तुज्या चटनीला निवडून द्यायचा, आन उरल्यालं काळं आपून खायचा. रोज. म्हनायचा, पोरगी शिकतीया, तिच्या तोंडाला कडू नको."

कावळा लगेच आला.

सिद्ध काहीच करता येणार नाही. नमुना शिल्लक नाही. पण फॉर्मवर 'दारू' मी लिहिलंय, माझ्या हाताने. उद्या ऑफिस उघडलं की तो मागून घेते आणि खोडते.

बा, तू विचारलं होतंस. नाही, खोटं वाटत नाही.